आज चतुर्थी हाय का?

खरं सांगायचं तर देवाचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. भांडण नव्हतं, पण येणं-जाणंही नव्हतं. सकाळी देवापुढं दिवा लावायचा, हळद-कुंकू वाहायचं आणि मशीनवर बसायचं, एवढाच आमचा व्यवहार. वडवणीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी गेली वीस वर्षं ब्लाउज शिवते. बायकांची मापं, अस्तर, फॉल-पिको ह्यात दिवस कधी उगवतो नि कधी मावळतो कळत नाही, तिथं उपासतापास कुठं करत बसू? शिवाय आमच्या घरातला सगळा उपास माझ्या सासूबाईंनी एकट्यानं अंगावर घेतलेला होता. त्यांना मी आत्या म्हणायचे. भजनी मंडळातल्या बायका कधीपासून मागं लागल्यात की जे घडलं ते एकदा लिहून काढ. लिहिते. पण मला चमत्कार सांगायचा नाही. जसं झालं तसं सांगते, त्याला काय नाव द्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आत्यांची चतुर्थी गाजलेली. चाळीस वर्षांत एकही चुकली नाही. दिवसभर फक्त पाणी, तेही घोट-घोट, आणि संध्याकाळनंतर गच्चीवर पाट टाकून चंद्राची वाट बघत बसायचं. चंद्र दिसला की ताट ओवाळायचं, लिंबागणेशच्या गणपतीचं नाव घ्यायचं आणि मग पहिला घास. त्यांना कॅलेंडर लागत नसे. गल्लीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, "आत्या, आज काय हाय ओ?" आणि आत्या हातातली मेथी न सोडता सांगायच्या, "द्वादशी. दुपारनंतर त्रयोदशी लागतीया." कॅलेंडर चुकेल पण आत्या चुकायच्या नाहीत. जिभेनं मात्र तिखट. माझ्या हातच्या भाजीला मीठ जास्त, माझ्या भाकरीला पापुद्रा कमी आणि मी शिवलेली बाही कायम वर चढलेली. "पोरी, गिऱ्हाइकाचा दंड बघ आन् तुजी बाही बघ," असं म्हणून त्या हसायच्या. मी चिडायचे. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली तरी मी त्यांची ‘पोरी’च होते. एकदा तरी नावानं हाक मारावी असं तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आत्यांची कंबर धरली. आधी वाटलं, बसून-उठून झालं असेल. तेल लावलं, शेक दिला. मग जो भेटेल तो म्हणायला लागला, वय झालं, हाडं झिजली, कॅल्शियम द्या. आपल्याकडं बाईची कंबर दुखली की दुसरं काही सुचतच नाही. मी मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली आणली आणि रोज रात्री जेवणानंतर दुधाबरोबर एक गोळी न चुकता द्यायला लागले. सासूची सेवा करते ह्याचा मला थोडा गर्वच होता म्हणा ना.

मग एका सकाळी आत्या म्हणाल्या, "आज चतुर्थी हाय. मला भाकर टाकू नको." मी म्हणाले, "आत्या, चतुर्थी तर परवाच झाली." त्या उठून उंबऱ्यावर जाऊन बसल्या. दुपारी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात त्यांची रोजच चतुर्थी सुरू झाली. सकाळी उठल्या की पहिला प्रश्न, "आज चतुर्थी हाय का?" आणि मी काहीही सांगितलं तरी ताट लांब सारायचं. भर दुपारी उंबऱ्यावर बसून वर बघायच्या आणि म्हणायच्या, "लई येळ लावला आज चंद्रानं." पाणी मात्र तांब्यावर तांब्या. आम्हाला वाटलं, उपासाला पाणी चालतं म्हणून पितात. सारखं मोरीकडं जाणं वाढलं, पोट साफ होईना, मी एरंडेल देऊन बघितलं. कधी दिवसभर झोपायच्या, कधी गेलेल्या माणसांना हाका मारायच्या. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं असं. आमचे मालक कृषी सेवा केंद्रात कामाला असतात, ते म्हणाले, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काय खोटं हाय? आईला तर आता सत्तर झाली." कुणी बाहेरचं झालंय म्हणून उतारा टाकायला सांगितलं. आणि मला, देवा मला माफ कर, मला वाटलं की म्हातारी नाटक करतेय. आयुष्यभर उपासाच्या जोरावर घर चालवलं, आता त्याच उपासानं आम्हाला नाचवतेय असं वाटलं.

एके दिवशी मी एका नवरीचा ब्लाउज शिवत होते. दुसऱ्या दिवशी हळद होती, पोरीची आई दारात उभी होती. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आणि सगळा तांब्या त्या रेशमी कापडावर पालथा झाला. माझा तोल सुटला. बाहेरच्या बाईसमोर मी ओरडले, "आत्या, पुरे झालं आता हे नाटक! उपाशी राहून सगळ्यांना घोर लावायचा, दुसरं सुचतं काय तुम्हाला?" पंचवीस वर्षांत त्यांना उलट उत्तर दिलं होतं, पण असं कधी बोलले नव्हते. आत्यांनी रिकामा तांब्या छातीशी धरला आणि माझ्याकडं पाहुणीनं बघावं तसं बघितलं. म्हणाल्या, "बाई, मी कुणाच्या घरी आले ओ? मला माज्या घरी सोडता का?"

त्या दिवसापासून मी त्यांची ‘बाई’ झाले. "बाई, पाणी द्या." "बाई, तुमचे मालक कुठं गेले?" इतक्या अदबीनं बोलायच्या की मी हातातलं काम टाकून त्यांच्या पुढ्यात जाऊन बसायचे. ज्या ‘पोरी’चा मला इतका राग यायचा, त्या एका शब्दासाठी मी तरसायला लागले. मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकून बघितलं. त्या निमूटपणे एक घास खाऊन म्हणाल्या, "छान झाली भाजी." तेव्हा मी चुलीपुढं बसून रडले. नाटक म्हणाले ते पोटात सलत होतं. रोज वाटायचं की पाय धरावेत, पण धरून उपयोग काय? माफी मागायची तर ती ऐकून घेणारं माणूस तिथं असायला पाहिजे ना. ते माणूसच कुठंतरी निघून गेलं होतं आणि मी त्याच्या रिकाम्या घराला हाका मारत होते.

फाल्गुनातली चतुर्थी आली. खरी चतुर्थी, कॅलेंडरातली. मी मालकांना म्हणाले, मी आत्यांना लिंबागणेशला नेते. ते म्हणाले, "येडी झालीस का? तिला घरातली मोरी सापडना." पण मी हट्टाला पेटले होते. मनात एकच होतं की आम्हाला विसरल्या तर विसरल्या, त्या देवाला तरी ओळखतील. देवाला ओळखलं तर त्याच्या ओळखीनं परत घरापर्यंत येतील. बीडला गाडी बदलून आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. चतुर्थीची गर्दी होती. आत्यांचा हात मी घट्ट धरला होता. ओळीतून सरकत सरकत मूर्तीसमोर आलो. मी म्हणाले, "आत्या, बघा." त्यांनी बघितलं, माझ्या कानाशी तोंड आणून हळूच विचारलं, "बाई, हे कुणाचं देऊळ हाय?"

मागून लोक ढकलत होते, पुजारी पुढं चला म्हणत होता, आणि मी मनातल्या मनात त्या देवाशी तंडत होते. चाळीस वर्षं जी तुझ्यासाठी उपाशी बसली तिला तू तुझी ओळखसुद्धा ठेवली नाहीस? मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही. आता मागते. त्यांना बरं कर असं म्हणत नाही, वय झालंय, मला कळतं. फक्त एक दिवस दे. त्या भानावर असतील असा एक दिवस. मला त्यांची माफी मागायची आहे. एवढं म्हटलं आणि गर्दीनं आम्हाला बाहेर आणून सोडलं.

बाहेर दूर्वा-फुलं विकणाऱ्यांची कापडी पालं होती. एका म्हातारीच्या पालाच्या सावलीत मी आत्यांना टेकवलं. तिच्याकडचं पाणी त्या मागून मागून पीत राहिल्या. कंबर लई दुखत होती त्यांची, कण्हत होत्या. पिशवीत कॅल्शियमची बाटली होतीच. मी गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. तेवढ्यात ती दूर्वावाली म्हणाली, "गोळी कशाची हाय ती?" मी म्हणाले, कॅल्शियमची. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "थांब जरा. मी कवापासून बघायले, ह्या बाईनं पाच तांबे पाणी पिलं माज्याकडचं. एवढं पाणी कावून पिती?" मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले, "उपास आहे त्यांना." ती म्हणाली, "उपास मलाबी हाय. मी पाच तांबे न्हाई पिले. रोज पिती का आशी? कंबर दुखती? इसरती?"

तिचा प्रत्येक प्रश्न नेमका होता. मी हो-हो म्हणत गेले. मग तिनं सांगितलं. तिच्या मालकाचं असंच झालं होतं. आधी पाठ दुखली, मग पाणी, मग भ्रम. गावानं वेडा ठरवला, घरच्यांनी कॅल्शियम खाऊ घातलं. शेवटी मोठ्या दवाखान्यात रक्त बघितलं तर त्यात कॅल्शियम मावत नव्हतं. "हाडं आतून पोखरत व्हती. तेच सारं रक्तात उतरलं आन् डोक्यावर गेलं. लई उशीर झालता आमाला. तू आसं कर, आज जाता-जाता बीडात रक्त दे आन् म्हण, कॅल्शियम बघा. म्हणशील का?" मी आत्यांच्या हातावरची गोळी उचलली आणि बाटलीत परत टाकली. मी एक जुडी घेतली, तिचे पैसे तिनं घेतले, सल्ला फुकट दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

दूर्वा विकणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून रक्त तपासायचं, हे कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं. मी सांगितलंच नाही. बीडात उतरून लॅबमध्ये गेले आणि शिकवल्यासारखं म्हणाले, कॅल्शियम बघा. संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन आला, कॅल्शियम फार वाढलंय, उशीर करू नका. सकाळी आत्यांना दवाखान्यात भरती केलं. रक्तातलं कॅल्शियम उतरवायला सलाईन सुरू झालं, एक इंजेक्शन दिलं, मग हाडांचे फोटो, मग हाडातला मगज काढून तपासणी. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या पण बोलायला शांत. म्हणाल्या, हाडांच्या आत कॅन्सर आहे, बरेच महिने लपून बसलेला. म्हाताऱ्या माणसाचं डोकं अचानक बिघडलं तर ते दरवेळी वयामुळं नसतं. शरीरात दुसरीकडं कुठंतरी दुखणं असतं आणि त्याची हाक डोक्यातून येते. मी विचारलं, "माझ्या गोळ्यांमुळं झालं का हो?" त्या म्हणाल्या, "आजार गोळ्यांनी झाला नाही. पण भर पडली असेल. तुम्हाला माहीत नव्हतं." मला ते पुरलं नाही. आता माफी एका गोष्टीची नव्हती, दोन गोष्टींची होती.

वॉर्डातही आत्यांची चतुर्थी चालूच होती. घास तोंडाजवळ नेला की ओठ मिटायच्या. तीन दिवस मी नाही-नाही म्हणून थकले आणि मग एक लबाडी शोधून काढली. ताट हातात घ्यायचं, खिडकीकडं ओवाळायचं आणि म्हणायचं, "आत्या, चंद्र निघाला बरं का, सोडा आता उपास." कधी दोन घास जायचे, कधी नाही. चौथ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी वाटीत वरणभात कालवला, खिडकीकडं न बघताच वाटी ओवाळली आणि नेहमीसारखं म्हणाले, "चंद्र निघाला आत्या."

आत्यांनी मान वळवून खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "निघालाय खरा. पण ह्यो चतुर्थीचा न्हाई. आर्धा हाय बघ. ही अष्टमी हाय, पोरी."

मी वळून बघितलं. मावळतीकडच्या आकाशात, उन्हात, पांढुरका अर्धा चंद्र होता. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटच्या लेकीला मी विचारलं, तिनं मोबाईलमध्ये बघून सांगितलं, अष्टमीच होती. पण मला तिथीचं काय करायचं होतं? मला ‘पोरी’ म्हटलं होतं. मी वाटी ठेवली आणि त्यांचे पाय धरून हंबरडाच फोडला. नाटक म्हणाले ते सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, मुद्दाम खारट केलेल्या भाजीचंसुद्धा सांगितलं. आत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "मला काईच आटवत न्हाई बघ. आन् म्हणली आसशील तर आसू दे. मी काय तुला कमी बोलले का जलमभर? उठ, भात गार व्हायलाय." मग एक घास खाऊन तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "मीठ न्हाई टाकलं व्हय?"

मी एक दिवस मागितला होता. मला पाच चतुर्थ्या मिळाल्या. औषधोपचार चालू राहिले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हा आजार जाणार नाही, वेळ मिळेल. आत्यांना आम्ही सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मला येड न्हाई लागलं ना? मग बरं." उपास मात्र डॉक्टरांनी बंद केला. त्यावर आत्या रुसून बसल्या, तेव्हा मीच म्हणाले, "उपास मी धरते, चंद्राची वाट तुम्ही बघा." अशी आमची वाटणी झाली. मी उपाशी राहायचे आणि त्या जेवूनखाऊन गच्चीवर पाटावर बसायच्या. आषाढात तर आभाळ असं गच्च भरलेलं होतं की चंद्र दिसायचं नाव नाही. मी भुकेनं वैतागून म्हणाले, "आज काही निघत नाही हा." आत्या म्हणाल्या, "त्यो त्याच्या टायमाला निघालाय. आपल्याला दिसना म्हणून काय झालं? तू ताट ओवाळ." मी ढगांना ताट ओवाळलं आणि जेवले.

मधे चैत्रातल्या चतुर्थीला मी त्या दूर्वावालीला भेटून आले. तिच्यासाठी एक ब्लाउज शिवून नेला होता, माप नजरेनंच धरलं होतं. तिनं मला ओळखलं नाही. सगळी हकीकत सांगितली तरी तिला आठवेना. म्हणाली, "मी तर लई जणाला सांगते बाई. कुणी पाणी जास्त पिताना दिसलं की इचारते. लोक हासतात, म्हातारी येडी झाली म्हणतात. काईच निघत न्हाई कुणाला." मग ब्लाउज मांडीवर ठेवून बराच वेळ त्यावरून हात फिरवत होती. "एकाला तरी उपेगी पडलं मग माजं माणूस," असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले. मी तिला वाकून नमस्कार केला. देवळात गेले तेव्हा देवापुढं नवीन काही सांगायचं राहिलं नव्हतं.

श्रावणातल्या चतुर्थीनंतर आत्यांचं दुखणं वाढलं. शेवटच्या दोन दिवसांत पुन्हा भ्रम झाला, पुन्हा मी ‘बाई’ झाले. ह्या वेळी मात्र मला राग आला नाही आणि भीतीही वाटली नाही. मला जे द्यायचं होतं ते मी आधीच त्यांच्या ओंजळीत टाकलेलं होतं. त्यांनी विचारलं, "बाई, आज चतुर्थी हाय का?" मी म्हणाले, "हाय." "चंद्र निघाला?" म्हणाले, "निघाला, आत्या." त्यांनी तोंड उघडलं. मी चमच्यानं पाणी घातलं, त्यांनी ते गिळलं आणि डोळे मिटून घेतले. दुपारी त्या गेल्या.

आता चतुर्थीचा उपासही माझा आणि वाट बघणंही माझंच. पाट तोच आहे. गल्लीतल्या बायका सवयीनं मलाच तिथी विचारतात, मी कॅलेंडर बघून सांगते. देव आहे की नाही ह्यावर मी आजही कुणाशी वाद घालणार नाही. मी त्याच्याशी भांडायला गेले होते आणि त्यानं मला एका दूर्वावालीच्या पालात नेऊन बसवलं, एवढंच मला माहीत आहे. मी नुसती बसले, बाकी सगळं त्यानं त्याच्या टायमाला केलं. पण आठवण काय तिथी बघून येत नाही. सकाळी दोरीवर कपडे वाळत घालताना वर अर्धा चंद्र दिसला की अजूनही माझ्या तोंडून जातं, "आत्या, आज अष्टमी ना ओ?" मग हातातला ओला कपडा तसाच धरून मीच म्हणते, "व्हय गं पोरी, अष्टमीच हाय."